होकायंत्रावरून जीव उडाला, डबीवरून उडत नाही

कोनाडा:

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न मनात घोळतोय, आज लिहूनच टाकते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मला क्युरिओच्या दुकानांची ओढ आहे. संग्राहक म्हणावी अशी मी नाही, म्हणजे नुसत्या दौती किंवा नुसती कुलपं जमवणाऱ्यांतली नाही. पण काचेमागे पितळ, शिंग, काळं पडलेलं लाकूड, जाड भिंग असं काही एकत्र दिसलं की पाय तिकडे वळतात. आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच नीट दिसत नाही, सगळा एकच तपकिरी ढीग असतो. मग डोळे सरावतात आणि त्या ढिगातून एकेक वस्तू सुटी व्हायला लागते. सुऱ्या वाटल्या होत्या त्या पाकिटं फोडायच्या पट्ट्या निघतात. माळ वाटली तो बटणांचा ओवून ठेवलेला सर असतो. बाहुलीचा नुसता चिनी मातीचा हात, मनगटाला ओवायचं भोक, बाहुलीचा पत्ता नाही. हे सुटं होणं मला फार आवडतं. इतर कुठल्याही दुकानात जाताना आपल्याला काय हवंय ते आधी ठाऊक असावं लागतं. इथे "बघतेय" म्हटलं की भागतं, आणि तासभर उभं राहिलं तरी कुणी हटकत नाही.

आता मूळ मुद्दा. माझ्या लिहायच्या टेबलावर अशा दुकानांतून आणलेल्या दोन वस्तू होत्या.

पहिली म्हणजे पितळी होकायंत्र, झाकणाचं, तळहातात बसेल एवढं. झाकणाच्या आत एका जहाजाचं नाव कोरलेलं आणि खाली साल १८८५. विकणाऱ्याने सांगितलं होतं की ते जहाज बुडालं आणि वाचलेल्या एका खलाशाच्या खिशातून हे आलं. मी भारावून गेले होते. तीन वर्षं ते माझ्या उजव्या हाताशी होतं. काम अडलं की झाकण उघडायचं, काटा थरथरून स्थिर होईपर्यंत बघायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. त्या माणसाचा विचार करायचे मी. पाण्यात पडल्यावर त्याने हे घट्ट धरलं असेल का, असलं काहीबाही.

मग एकदा बिजागरी ढिली झाली. ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला, दोन्ही स्क्रू आवळले, आणि तो परत ठेवताना हात थांबला. मी फुलीचा स्क्रूड्रायव्हर वापरला होता. फुलीच्या खाचेचे हे फिलिप्स स्क्रू. त्यांची पेटंटं अमेरिकेत १९३६ साली मिळाली. १८८५ च्या बिजागरीत ते कुठून आले? नंतर कुणीतरी दुरुस्तीत बदलले असतील, अशी मनाची समजूत घातली. पण चैन पडेना. भिंग घेऊन कोरलेली अक्षरं पाहिली. सगळं झाकण शंभर वर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेलं, आणि अक्षरांच्या कडा मात्र बोटाला टोचत होत्या. स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो जुनाट तपकिरी रंग बोळ्यावर उतरला. खाली पिवळंधमक नवं पितळ.

ते होकायंत्र आता कपाटात आहे. उत्तर अजूनही बरोबर दाखवतं. वजन तेच, आकार तोच, दिसायला आजही देखणं. पण उघडावंसं वाटत नाही. फसवणुकीचा राग तर आहेच, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की मी ज्या माणसाबद्दल इतका विचार केला तो नव्हताच.

दुसरी वस्तू एक डबी. डबी म्हणजे लांबट, चिंचोळी लाकडी पेटी, साधारण वीतभराला थोडी कमी लांब आणि दोन बोटं रुंद. ही एका खोक्याच्या तळाशी मोडक्या चष्म्यांमध्ये पडली होती. विकणाऱ्यालाही ती काय आहे ते माहीत नव्हतं आणि त्याने तसं सरळ सांगितलं. झाकण उघडलं की आतून एक पितळी दांडी आपसूक उठून उभी राहते. कमान नाही, खटका नाही, झाकणाच्या ओढीनेच ती उठते. दांडीच्या एका टोकाला सपाट गोल चकती, दुसऱ्या टोकाला एक जाड ठोकळा, आणि तो ठोकळा बिजागरीवर आतल्या बाजूला उलटा पडतो. दांडीवर एक बारीक सरकती कडी आहे. झाकणाच्या आत कधीतरी कागद चिकटवलेला असावा. आता डिंकाचा डाग उरलाय आणि कागदाचा एक कोपरा, त्यावर इंग्रजी 'जी' आणि 'यू' ही दोन अक्षरं. झाकण मिटलं की दांडी पुन्हा आडवी होऊन पेटीत झोपते. ज्याने कुणी हे बनवलं त्याला हे खिशात घालून फिरायचं होतं, एवढं नक्की.

रोज रात्री मी ती एकदा तरी उघडते.

तर माझे प्रश्न दोन. एक, वस्तूवरचा जीव नेमका कशावर असतो? गोष्ट खोटी निघाली म्हणून होकायंत्र मेलं म्हणावं, तर डबीला मुळात गोष्टच नाही आणि तीच जास्त ओढते. दुसरा, ही डबी काय आहे ते मी शोधावं का? आजवर मुद्दाम शोधलेलं नाही. कळलं की संपेल अशी भीती वाटते.

जुनं_दप्तर:

कोनाडाताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याबद्दल मला खात्री आहे. शोधा. बिनधास्त शोधा.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात नवलाच्या वस्तूंच्या खोल्या असत, आजच्या संग्रहालयांचे आणि तुमच्या त्या दुकानांचेही पूर्वज. नेपल्समधला औषधविक्या फेरान्ते इम्पेरातो याच्या १५९९ सालच्या ग्रंथात त्याच्या खोलीचं चित्र आहे. भिंतींवर पुस्तकं आणि शिंपले, आणि छताला मधोमध टांगलेली अख्खी मगर. त्या चित्रातला एक माणूस लांब काठीने वरच्या वस्तूकडे बोट दाखवतोय, आणि तुम्ही दुकानात शिरल्यावर जे करता तेच त्याच्यासोबतचे लोक करताहेत: मान वर करून एकेक वस्तू सुटी करताहेत.

अशा खोल्यांचं सगळ्यात मोठं भूषण म्हणजे एकशिंगी घोड्याचं शिंग. सरळ, लांबलचक, पिळाचं. विषावर उतारा म्हणून राजेरजवाडे ते जपत. कोपनहेगनचा वैद्य ओले वर्म याच्याकडे मोठा संग्रह होता. त्याने १६३८ साली दाखवून दिलं की हे शिंग कुठल्याही घोड्याचं नाही, नारव्हाल नावाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रातल्या देवमाशाचा तो दात आहे. त्याच्यासमोर दातासकट कवटीच होती.

आता बघा, इथे तुमच्या भीतीप्रमाणे सगळं संपायला हवं होतं. पण खरं काय आहे ते ऐका. नराच्या वरच्या जबड्यातला डावा दात ओठ फोडून बाहेर येतो आणि स्वतःभोवती पीळ घेत आठ-नऊ फुटांपर्यंत सरळ वाढत जातो. पीळ नेहमी डावीकडे. असं का, यावर आजही अभ्यास चालू आहे. मला तरी घोड्याच्या कपाळावरच्या शिंगापेक्षा हा दात शंभरपट अजब वाटतो. वर्मच्या संग्रहाची सूची तो गेल्यानंतर वर्षाने, १६५५ मध्ये छापून आली, आणि ती आजही लोक उघडून बघतात.

आणखी एक. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात डोडो पक्ष्याचं डोकं आणि एक पाय आहे. ट्रेडस्कँट बापलेकांच्या खासगी संग्रहातला तो पक्षी. पुढे तो संग्रह अ‍ॅशमोलकडे गेला आणि १६८३ साली लोकांसाठी उघडलेल्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचा पाया झाला. डोडोची त्वचा आणि मांस जगात एवढंच उरलंय. लंडनमध्ये लोकांना दाखवायला जिवंत आणलेला तो पक्षी असावा, असं बरीच वर्षं मानलं जाई. २०१८ मध्ये त्या डोक्याचं स्कॅनिंग केलं तेव्हा कवटीत शिशाचे छर्रे दिसले. मागून गोळी घातली होती त्याला. सुमारे साडेतीनशे वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूने एवढी गोष्ट पोटात ठेवली होती.

जाता जाता: क्युरिओ हे क्युरिऑसिटीचं तोडलेलं रूप, आणि त्याचं मूळ लॅटिन 'कुरा', म्हणजे काळजी, जपणूक. संग्रहालयाचा क्युरेटर त्याच घरातला. रोज रात्री पेटी उघडून बघणं हे त्यातच आलं, असं मी धरतो.

सावकाश:

मी अशा एका दुकानात नऊ वर्षं काम केलं. मालक वारले, दुकान मिटलं, पण हाताची सवय गेलेली नाही. अजूनही कुणाच्या घरी गेलो की कपबशी उलटी करून तळ बघतो.

पहिल्या प्रश्नाबद्दल मला जे दिसलं ते सांगतो. आमच्याकडे दाराजवळ एक छोटं टेबल होतं. त्यावर मालक पाच-सहा वस्तू चिठ्ठीशिवाय ठेवत. त्यांत एक लोखंडी कात्री होती. तिच्या एका पात्यावर छोटी चौकोनी डबी आणि दुसऱ्या पात्यावर त्या डबीत बरोबर बसणारी उभी पट्टी, खाली तीन बुटके पाय. येणारा प्रत्येक जण ती उचलायचा. कुणी म्हणायचं नखं कापायची, कुणी म्हणायचं सुपारीची, एका डॉक्टरबाईंना ती जुन्या शस्त्रक्रियेतली वाटली होती. मालक सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मग सांगायचे: मेणबत्तीची वात कापायची कात्री.

जुन्या, विशेषतः चरबीच्या मेणबत्त्यांची वात नीट जळून जात नसे. काजळी धरून ती लांबायची, ज्योत धुरकट व्हायची, मेणबत्ती एका बाजूने ओघळायची. म्हणून थोड्या थोड्या वेळाने उठून वात कापावी लागे, आणि जळकं टोक टेबलावर पडू नये म्हणून ती डबी. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये काँबासेरेसने विणलेली वात काढली. विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन तिथेच जळून जातं. आज आपल्याकडच्या मेणबत्तीची वात वाकडी होते ती याच कारणाने. कात्रीचं काम संपलं.

हे ऐकल्यावर एकानेही कात्री खाली ठेवलेली मला आठवत नाही. उलट लोक हवेत काल्पनिक वात कापून बघायचे, डबीत डोकावून काजळी उरलीय का बघायचे. एक मुलगी तर म्हणाली, "म्हणजे वाचता वाचता उठावं लागत असणार," आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. माहिती कळण्याआधी ती कात्री एक कोडं होती. कळल्यावर त्या मुलीला रात्री वाचत बसलेलं कुणीतरी दिसलं. तेव्हा जुनं_दप्तर यांच्याशी मी पूर्ण सहमत.

होकायंत्राबाबत. तुम्ही अक्षरांच्या कडा पाहिल्या ते अगदी योग्य केलंत. झीज खोटी करता येते, पण तिची जागा चुकते. माणसाचा हात वस्तूला सगळीकडे सारखा लागत नाही. झाकण उघडणारा अंगठा एकाच ठिकाणी पडतो, तिथलं पितळ चकचकीत आणि जरा खोलगट होतं. बिजागरीच्या सांध्यात आणि नक्षीच्या खाचांत काळोख साचतो. नकली माल बनवणारा सगळ्यावर एकसारखा रंग फासतो. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगायचो, आधी उलटी करा. आत बघा, जिथे दाखवायचं कारण नाही तिथे बघा. जुन्या पितळेला घासून चकचकीत करू नका हेही त्याच पोटी सांगायचो, कारण शंभर वर्षांचा अंगठा तुम्ही पाच मिनिटांत पुसून टाकता.

हस्तिदंत म्हणून कुणी काही दाखवलं तर कापलेल्या टोकावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसतात का पाहावं. नुसते काळे ठिपके आणि बारीक चरे असतील तर ते हाड. अगदी समांतर, आखल्यासारख्या रेषा असतील तर बहुधा सेल्युलॉइड. आणि खरं निघालं तर घेऊच नये. हत्ती, समुद्री कासवाची ढाल, यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंधनं आहेत. १९७३ साली तो करार झाला आणि १९७५ पासून लागू आहे. "जुनं आहे, चालतं" असं तोंडी सांगणाऱ्यावर विसंबून राहू नका.

आता खोट्या वस्तूचं काय करायचं? आमच्या दुकानात काचेच्या कपाटात एक 'समुद्री राक्षस' होता. पंख, शेपटी, माणसासारखा भेसूर चेहरा. याला जेनी हॅनिव्हर म्हणतात. पाकट मासा घ्यायचा, कातरून-पिळून आकार द्यायचा आणि वाळवायचा. पाकटाच्या पोटाकडच्या बाजूला नाकपुड्या असतात, त्या वाळल्यावर डोळे वाटतात. ही लबाडी इतकी जुनी आहे की कोनराड गेस्नरने १५५८ मध्येच आपल्या प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की हे राक्षस नव्हेत, बिघडवलेले पाकट आहेत. आमच्या मालकांनी त्याखाली चिठ्ठी लावली होती: "पाकट मासा, माणसाच्या हातचा राक्षस." कपाटापुढे सगळ्यात जास्त गर्दी तिथेच असायची. चिठ्ठी खरी होती म्हणून मलाही तिथे उभं राहून समजावून सांगताना बरं वाटायचं.

एक_थांबा:

सावकाश, ती हवेत वात कापणारी माणसं डोळ्यांसमोर आली. मी अशा दुकानांतून आजवर काहीच घेतलेलं नाही, फक्त बघते. पण घरी येऊन वहीत वस्तूंची चित्रं काढते, आणि चित्र काढताना कळतं की अर्धं नीट पाहिलंच नव्हतं. मग पुन्हा जावं लागतं. कोनाडा, डबीचं चित्र काढून बघा एकदा.

ऐलतीर:

धागा छान चाललाय आणि मी विरजण घालायला आलेली नाही. पण ही ओढ नेहमी इतकी निरागस राहिलेली नाही, हेही इथे यायला हवं.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांत मोठ्या माणसाचं गोंदलेलं शिर जतन करून ठेवायची रीत होती, आप्तांची आठवण म्हणून. त्याला टोई मोको म्हणतात. युरोपातून आलेल्या खलाशांनी आणि संग्राहकांनी ती शिरं नवलाची वस्तू म्हणून मागायला सुरुवात केली, बदल्यात बंदुका द्यायला लागले. मागणी इतकी वाढली की युद्धातल्या कैद्यांना आणि गुलामांना विकण्यासाठी गोंदून मारलं गेलं. १८३१ साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर डार्लिंग याला या व्यापारावर बंदी घालावी लागली. तोवर ही शिरं जगभरच्या कपाटांत जाऊन बसली होती. २००३ पासून न्यूझीलंडचं 'ते पापा' नावाचं संग्रहालय ती शिरं परत आणतंय. फ्रान्सने २०१२ मध्ये वीस परत दिली.

हे एवढ्यासाठी सांगतेय की "ही काय वस्तू आहे" हा प्रश्न आपण आवडीने विचारतो, पण "ही इथे कशी आली" हा प्रश्न विचारताना जीभ जड होते. पूजेतली मूर्ती, थडग्यातला मणी, कुणाचं हाड. विकणारा गप्प बसला किंवा फार रंगवून सांगायला लागला की मी वस्तू खाली ठेवते. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्यामुळे वस्तू त्याआधी तिच्या देशाबाहेर आली होती याचा कागद मागणं ही आता जगभर रीत झाली आहे. लहान दुकानात कागद नसतो. मग निदान तोंडी विचारावं आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं.

कोनाडा, तुमच्या होकायंत्राच्या गोष्टीत एक बुडालेलं जहाज घातलं होतं. माणसं मेल्याची गोष्ट घातली की वस्तू खपते, हे त्या विकणाऱ्याला माहीत होतं. मला त्याचा तुमच्याइतकाच राग आला.

वजनमाप:

कोनाडा, तुमचं वर्णन वाचून उठून उभा राहिलो. तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं नसेल तर पुढे वाचू नका!

तो सोन्याची नाणी तपासायचा काटा आहे, म्हणजे घडी होणारा छोटा तराजू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमध्ये, विशेषतः लँकशायरमध्ये असे भरपूर बनले. झाकणासोबत दांडी आपसूक उठणं ही त्याची खूण. चकतीवर नाणं ठेवायचं. दुसऱ्या टोकाचा ठोकळा बाहेर असला की तो गिनी या इंग्लंडच्या जुन्या सोन्याच्या नाण्यासाठी, आत उलटवला की अर्ध्या गिनीसाठी: ठोकळा तोच, पण टेकूपासूनचं अंतर कमी झालं की निम्म्या वजनाला पुरतो. तुमचे 'जी' आणि 'यू' म्हणजे गिनी. त्या कागदावर वापरायची रीत छापलेली असायची. सरकत्या कडीने नाणं किती हलकं आहे ते कळायचं.

याची गरज का पडली? कारण सोन्याच्या नाण्याची कड लोक गुपचूप कातरायचे, कानस मारायचे, किंवा चामड्याच्या पिशवीत नाणी घालून खळखळ हलवायचे आणि तळाशी जमलेली सोन्याची भुकटी काढून घ्यायचे. नाणं दिसायला तसंच, वजनाला कमी. १७७० च्या दशकात सरकारने हलकी नाणी परत घेतली आणि चलनातल्या गिनीचं किमान वजन ५ पेनीवेट ८ ग्रेन ठरवलं, म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम. टांकसाळीतून निघालेली कोरी गिनी ८.४ च्या जवळपास. त्यानंतर व्यापाऱ्यापासून शेतकऱ्यापर्यंत ज्याच्या हातात सोनं यायचं त्याच्या खिशात असा काटा असायचा.

पुढे १८१७ मध्ये सॉव्हरिन हे नवं सोन्याचं नाणं आलं, ते ८ ग्रॅमच्या किंचित आत. म्हणून खात्री करायला एक करा. ८ ते ८.५ ग्रॅमच्या दरम्यान वेगवेगळी वजनं तयार करा, सोल्डरच्या तारेचे तुकडे कापून सहज होतं, आणि चकतीवर ठेवून दांडी कधी समतोल होते ते कळवा. कडी पार शून्याकडे सरकवून ठेवा. आणि कृपा करून पितळ घासू नका.

कोनाडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. वजनमाप, तुमची सूचना वाचूनही मी पुढे वाचलं. वाचण्याआधी पेटी एकदा उघडून मिटली, न कळता उघडायची ती शेवटची वेळ म्हणून.

काही संपलं नाही. मी आता चकतीकडे बघते तेव्हा तिथे कुणाचं तरी बोट नाणं ठेवताना दिसतं आणि समोर नाणं देणारा माणूस, श्वास रोखून दांडीकडे बघणारा. आजवर मी फक्त बनवणाऱ्याचा विचार करत होते. समोर दुसरं कुणी उभं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. ऐलतीर, तुमचा प्रश्नही त्या दुकानात जाऊन विचारून आले. मोडक्या चष्म्यांसकट ते अख्खं खोकं एका बंद पडलेल्या चष्म्याच्या दुकानातून आलं होतं, एवढं त्याला माहीत होतं आणि तेवढंच त्याने सांगितलं.

होकायंत्राला सावकाश यांच्या पद्धतीने चिठ्ठी लावली: "पितळी होकायंत्र, १९३६ नंतरचं, बनवणारा अज्ञात, कोरलेलं जहाज खोटं." कपाटातून बाहेर काढलंय. अजून उजव्या हाताशी आलेलं नाही, खिडकीत आहे. एक_थांबा, चित्रही काढलं. काढताना जे दिसलं तेच आता विचारायचंय.

वजनमाप, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर सोल्डरचे तुकडे मोजून घेतले. कडी शून्यावर. ८ ग्रॅम ठेवले, दांडी हललीही नाही. ८.३ ठेवले, नाही. ८.४ ला किंचित डोलली आणि परत पडली. ८.५ ला सावकाश वर आली आणि आडवी राहिली. चार वेळा केलं, चारही वेळा ८.५. ठोकळा आत उलटवून केलं तर ४.२ आणि ४.३ च्या मध्ये घुटमळते. म्हणजे काटा गिनीचा आहे हे नक्की, पण दोन्हीकडे तो जरा जास्त मागतोय. धूळ असेल म्हणून मऊ ब्रशने सांधे झटकले, फरक नाही.

चित्र काढायला ठोकळा पूर्ण उलटा केला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला एक करडा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. पितळ नाही, नख रुतेल इतका मऊ आहे, शिसं वाटतं. कडेने कानस मारून सपाट केलाय. बाकी ठोकळ्यावर हात फिरून फिरून चकाकी आलीय तशीच त्या ठिपक्यावरही आहे, म्हणजे हे कालपरवाचं काम नव्हे.

दुरुस्ती म्हणून असं शिसं लावायची पद्धत होती का? की हा काटा ज्याच्या खिशात होता त्याच्यापुढे टांकसाळीतली कोरी गिनी ठेवली तरी हलकीच ठरली असती?